दोरा नसलेली आमिषं

आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर खरं सांगत नाही. त्याला आम्ही चांगुलपणा म्हणतो. रस्सा खारट झाला असेल तर "वेगळीच चव आलीय हं" म्हणायचं, शेजाऱ्याने घराला भयंकर रंग दिला तर "लांबूनसुद्धा दिसतं हं." उत्तर विस्कॉन्सिनमध्ये हिवाळा सहा महिने असतो. शेजाऱ्याशी बिघडलं तर बर्फात रुतलेली गाडी ढकलायला कोण येणार, हा त्यामागचा विचार. पण तोही कुणी बोलून दाखवत नाही.

ऑर्लन हालवर्सनच्या आमिषाच्या बाबतीत आम्ही बत्तीस वर्षं असेच चांगले वागलो.

ऑर्लनचा धंदा पियानो सुरात लावून देण्याचा. आसपासची चर्चं, शाळा, सगळीकडे तोच जायचा. उरलेला वेळ वॉलाय माशासाठी. आमचा तलाव म्हणजे धरणाच्या पाण्यात बुडालेलं जंगल. झाडं गेली, पण खुंट आणि मुळं तळाशी तशीच आहेत, आणि वॉलाय नेमका त्या मुळांत जाऊन बसतो. तिथे टाकलेलं आमिष दहातून चार वेळा लाकडात अडकतं. मग ओढा, शिव्या द्या आणि दोरा तोडून घरी या. विकतचं आमिष असं गमवायला जिवावर येतं, म्हणून इथे घरोघरी शिसं वितळवतात. माझं स्वतःचं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे, तरी मीही गॅरेजमध्ये टायरांचा तोल साधायला लावतात त्या जुन्या वजनांचं शिसं साच्यात ओततो. यावरून माझ्या दुकानातल्या मालाची कल्पना यावी.

शिशाचं डोकं, त्यातून निघालेला गळ, त्याभोवती हरणाच्या शेपटीच्या केसांचा झुपका. इथवर सगळ्यांचं सारखंच. ऑर्लनने त्यात पियानोच्या जुन्या तारेची भर घातली. गळाच्या टोकापुढे तारेचा एक तुकडा तिरका उभा केला. लाकूड आलं की आधी तार लागणार, आमिष बाजूला घसरणार. मासा आला की तार दबणार आणि गळ लागणार. निदान कागदावर तरी असं होतं. त्याने त्याचं नाव ठेवलं 'निसट्या'. एक्कावन्न सालापासून दर नाताळला तो गावातल्या चाळीसेक जणांच्या टपालपेटीत एकेक निसट्या पाकिटात घालून ठेवायचा. रंगाचे दोन हात, पिवळा डोळा आणि पोटावर सुईने कोरलेलं ज्याच्या-त्याच्या नावाचं अक्षर आणि साल.

"कसा चालतोय?" तो दर वसंतात विचारायचा.

"झकास!" मी म्हणायचो.

मी तो एकदाही पाण्यात घातला नव्हता. ती जाड तार बघूनच कळायचं की हे काही खरं नाही. माझे बत्तीसच्या बत्तीस निसटे कॉफीच्या डब्यात पडून होते. बाकीच्यांचंही तसंच असणार असं मी धरून चाललो होतो, पण विचारणार कोण?

अपवाद एकच, ऑर्लनची मेहुणी व्हर्ना. शाळेत स्वयंपाक करायची आणि मनात येईल ते बोलायची. चौसष्ट साली ऑर्लनच्या बायकोच्या वाढदिवसाला, भरल्या ताटावर, ती म्हणाली, "ऑर्लन, तुझा निसट्या काही कामाचा नाही. तिसऱ्या फेकीला अडकला तो अडकलाच." ऑर्लन ताटावरून उठला. त्यानंतर एकोणीस वर्षं तो तिच्याशी बोलला नाही, बायकोच्या अंत्यविधीलाही नाही. "काय ही बाई!" असं सगळं गाव म्हणालं. मीसुद्धा म्हणालो.

मग त्र्याऐंशीचा हिवाळा आला आणि धरणाची दारं दुरुस्त करायला तलाव रिकामा करायचं ठरलं. त्याआधी पाणी उतरलं होतं ते एकोणपन्नास साली. तेव्हाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. चिखल गोठून टणक झाला की पक्कड आणि बादली घेऊन तळात उतरायचं, खुंटांना अडकलेली आमिषं सोडवायची आणि शुक्रवारी स्टॅशच्या बारमध्ये, सगळ्यांसमोर, ज्याचं त्याला परत द्यायचं. घरची आमिषं कुणाची ते बघताक्षणी कळतं. कुठे सापडलं हेही सांगायचं असतं, त्यामुळे कुणाची गुपित जागा कुठली याचाही बोभाटा होतो.

नोव्हेंबरात ऑर्लन दुकानात आला. खुशीत होता.

"डेल्मर, आता कळेल."

"काय कळेल?"

"माझे बाराशेवर निसटे आहेत गावात. आता कळेल."

बाराशे निसटे, आणि खुंटांवर त्यातला फार तर एखादा! म्हणजे कुणी वापरलेच नाहीत हे म्हाताऱ्याला कळणार. बायको गेलेली, मूलबाळ नाही, त्या निसट्याशिवाय त्याला होतं काय?

मी स्टॅशकडे गेलो. स्टॅशने भांडी पुसायच्या खोलीतून एक बरणी आणली. त्यात त्याचे बत्तीस. माझी बायको आयरीन म्हणाली, "तुम्ही दोघं जरा कमी चांगले असतात तर बरं झालं असतं." पण तीही आमच्याबरोबर आली. ऑर्लन लांबच्या एका चर्चमध्ये पियानो लावायला गेलेला असताना, बुधवारी दुपारी, आम्ही तिघांनी एक्केचाळीस निसटे खुंटांवर अडकवले. त्याची नजर अधू, म्हणून छातीच्या उंचीवर, सहज दिसतील असे. नाताळच्या झाडावर लावावेत तसे. परतताना मला इतकं छान वाटत होतं की मी स्टॅशला ब्रँडी पाजली, त्याच्याच बारमध्ये.

शुक्रवारी सगळं गाव स्टॅशकडे जमलं. तळलेला मासा, राय धान्याचा पाव, कोबीची कोशिंबीर. तलावाकाठच्या या बारमध्ये शुक्रवारचा मासा समुद्रातून गोठवून येतो, यावरही कुणी कधी काही बोलत नाही. व्हर्ना नेहमीप्रमाणे खिडकीजवळ एकटी जेवत होती. ऑर्लन बादली घेऊन आत आला, तेव्हा मी सगळ्यात मोठ्याने हाक मारली.

"काय ऑर्लन, सापडले का काही?"

"सापडले."

त्याने एक उचललं, पोटावरचं साल वाचलं. "डेल्मर. अडुसष्ट. धरणाजवळचा तिसरा खुंट." माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"अरे वा! कधीचा शोधत होतो मी हा."

"डेल्मर. बहात्तर. चौथा खुंट." दुसरं ठेवलं. मग तिसरं. मग स्टॅशचं. तो एकेक देत गेला आणि आम्ही दोघं "थँक यू, थँक यू" करत राहिलो. एक्केचाळीस वेळा. दहाव्यानंतर गावातल्या बाकीच्यांनी खाणं थांबवलं.

"डेल्मर, तुझं सामानाचं दुकान आहे ना रे?" बादली रिकामी झाल्यावर तो म्हणाला.

"हो, म्हणजे..."

"मग आमिष खुंटात अडकलं की त्याला तुटलेला दोरा राहतो, हे तुला माहीत असेल. यातल्या एकालाही दोरा नाही. गंज नाही. रंगाचा टवका उडालेला नाही."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. दोरा! शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट. पण खरा वार पुढेच होता.

"मी काय समजून चाललो होतो, सांगू?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "खुंटांवर माझा एकही सापडणार नाही. सगळं गाव बत्तीस वर्षं वापरतंय, सगळे म्हणतात झकास, आणि एकही अडकलेला नाही. मी आज इथे तेवढंच सांगायला येणार होतो, की निसट्या अडकत नाही."

म्हणजे आम्ही काहीच केलं नसतं, तर तो मरेपर्यंत सुखात राहिला असता.

सगळ्यांनी आपापल्या ताटात पाहिलं. आमच्या गावाला ते छान जमतं. ऑर्लनने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तो खिडकीकडे गेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"व्ही. त्रेसष्ट," तो म्हणाला. "उत्तरेची खाडी. सीडरच्या मुळात, पार खाली."

ते गंजून लाल झालं होतं. केसांचा झुपका कुजून गेला होता. मागे वीतभर काळा जुना दोरा होता.

व्हर्नाने चष्मा चढवला. "म्हटलं होतं ना, अडकतो म्हणून."

"शिशावर दात उमटलेत."

"उमटणारच. दुसऱ्या फेकीला वॉलाय लागला होता, हाताएवढा. ते सांगणारच होते मी, पण तू ताटावरून उठलास."

ऑर्लनने तिच्यासमोरची खुर्ची ओढली. "तार कुठल्या बाजूला वाकली होती?" त्याने विचारलं. व्हर्नाने काटा उचलला आणि टेबलावर काहीतरी काढून दाखवायला लागली. आमच्याकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही.

त्या नाताळला टपालपेटीत पाकीट नव्हतं. मी दोनदा जाऊन पाहिलं. आयरीन म्हणाली, "आता कशाला शोधताय? डब्यात बत्तीस आहेत की." रस्त्यात भेटला तर ऑर्लन मान हलवायचा, हवामानाबद्दल बोलायचा. तो माझ्याशी चांगला वागत होता, आणि त्याचा अर्थ या गावात माझ्याइतका कुणाला कळणार?

वसंतात तलाव पुन्हा भरला. मे महिन्यात हंगाम सुरू झाला त्या सकाळी मी होडी काढली आणि डब्यातला अडुसष्टचा निसट्या दोऱ्याला बांधला. पहिली फेक कोरडी गेली. दुसऱ्या फेकीला तो लाकडात असा बसला की होडी फिरवली, काठी वाकवली, तरी सुटेना. शेवटी दोरा तुटला. मी तसाच किनाऱ्याला आलो आणि चिखलाचे बूट न काढता त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

ऑर्लनने दार अर्धवट उघडलं. आत व्हर्ना टेबलाशी बसून पक्कडीने तार वाकवत होती. ही तार बरीच बारीक होती.

"ऑर्लन," मी म्हणालो, "तुझा निसट्या अडकला. एकदम भिकार आहे."

तो माझ्या बुटांकडे पाहत राहिला. मग रिकाम्या, तुटक्या दोऱ्याकडे, जो मी पुरावा म्हणून मुठीत धरून आणला होता.

"कितव्या फेकीला?" त्याने विचारलं आणि दार पूर्ण उघडलं.