बिनसाखरेची गाठी

"आधी ते गळ्यातनं काढा!" सिस्टर दारातूनच ओरडल्या.

जेवणाची गाडी ढकलत प्रेमला मुलांच्या वॉर्डात शिरत होती, ती तिथेच थांबली. खिडकीजवळच्या खाटेवर नऊ वर्षांची उत्कर्षा मांडी घालून बसली होती. एका हाताला सलाइनची सुई आणि गळ्यात पांढऱ्या-गुलाबी साखरेची भली मोठी गाठी. तिचे आजोबा दत्तोबा लोणी काळभोरहून सकाळच्या बसने आले होते आणि टोपी सारखी करत नातीकडे कौतुकाने बघत होते.

"खायला न्हाई दिली ओ बाई," दत्तोबा म्हणाले. "नुसती घातलीया. पाडवा परवावर आलाय. दरसाली मीच घालतो तिला."

"आजोबा, बुधवारी तुम्ही पोर बेशुद्ध आणलीत. शुगर पाचशेच्या वर होती तिची. आणि आज साखरेचीच माळ घालताय?"

सिस्टरांचं काही चुकत नव्हतं. त्यांनी गाठी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आजोबांच्या पिशवीत टाकली. दत्तोबा खाली मान घालून पिशवीचे बंद आवळत राहिले. उत्कर्षा रडली नाही. तिच्या फ्रॉकवर साखरेचा पांढरा भुगा पडला होता. तिने त्यावर बोट टेकवलं, ते तोंडाकडे नेलं, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात येताच ते चादरीला पुसून टाकलं. मग भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली.

प्रेमलाने ताट ठेवलं. दोन फुलके, दुधीची भाजी, मुगाची आमटी, काकडी.

"ऊठ बाळा. गरम आहे तोवर खा."

"नको."

"कालपासनं असंच चाललंय मावशी," तिची आई शैला रडकुंडीला आली होती. "इंजेक्शन दिल्यावर खायलाच लागतं म्हणत्यात. काल संध्याकाळी खाल्लं न्हाई, तर साखर एकदम उतरली. हातपाय कापाया लागले पोरीचे."

प्रेमलाने गाडी पुढे ढकलली. पुढच्या खाटांवर ताटं ठेवत गेली, पण तिचं लक्ष त्या चादरीला पुसलेल्या बोटातच अडकून राहिलं.

या इस्पितळाच्या पथ्याच्या स्वयंपाकघरात तिची एकतीस वर्षं गेली होती. बिनमिठाची आमटी, बिनतेलाची भाजी, भाताची पेज, भाज्यांचं सूप. तिच्या हातचं खाऊन लोक बरे होऊन घरी जात, पण जाताना वाहवा डॉक्टरांची होई. तिच्या वाट्याला यायचं ते, "मावशी, आज मीठ विसरलात वाटतं!" ती हसून म्हणायची, "विसरायचाच पगार मिळतो मला." सोमवारी ती निवृत्त होणार होती. मुलगा आनंद खराडीला राहायचा, तो म्हणत होता, आता इकडेच ये. तिने अजून हो म्हटलं नव्हतं.

ताटं गोळा करून झाल्यावर ती थेट आहारतज्ज्ञ तेजस्विनीच्या टेबलापाशी गेली. तेजस्विनी जेमतेम अठ्ठावीसची होती, पण तिच्या सहीशिवाय स्वयंपाकघरातून साधा बिस्किटाचा पुडाही वर जात नसे.

"मॅडम, त्या सात नंबरच्या पोरीला पाडव्याला चॉकलेटची गाठी करून दिली तर? साखर नाही घालणार. खजूर घालते."

तेजस्विनीने चष्मा वर केला. "मावशी, खजूर म्हणजे काय? साखरच. फक्त चांगल्या घरातली."

"मग मध?"

"तो तिचा सख्खा भाऊ."

"बरं, मग तुम्हीच सांगा."

"मुळात हे कशाला हवंय? परवा तुमचा शेवटचा पाडवा इथला. जाता जाता मला नोटीस मिळवून द्यायचीय का?"

"ती जेवत नाहीये मॅडम. तिला वाटतंय, सगळंच संपलं."

तेजस्विनी थोडा वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिली. मग एक कागद पुढे ओढला. "कडू चॉकलेट आणा. अगदी कडू, ज्यात साखर जवळजवळ नाहीच. बदामाची पूड, दाणे, सुकं खोबरं. सगळं वजन करून. मी कार्ब्स काढते, डॉक्टरांना विचारते. ते हो म्हणाले तरच. आणि प्रत्येक मणी सेम हवा. एक लिंबाएवढा आणि एक वाटाण्याएवढा, असं मला चालणार नाही."

"आणि चव?"

"चव तुमचं डिपार्टमेंट."

डॉक्टरांनी होकार दिला. प्रेमला संध्याकाळी रविवार पेठेत गेली. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात तिने कडू चॉकलेटची लादी मागितली, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "नातवाचा वाढदिवस का?" तिने "हो" म्हणून टाकलं. खरं सांगत बसायला फार वेळ लागला असता.

शनिवारी दुपारची जेवणं आटोपली, की चारच्या चहापर्यंत स्वयंपाकघर रिकामं असतं. तिने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यावर वाडगा ठेवला आणि चॉकलेटचे तुकडे त्यात टाकले. तेजस्विनी येता-जाता डोकावत होती. चॉकलेट विरघळू लागलं, चकाकी आली, आणि तेवढ्यात काठावर जमलेला वाफेचा थेंब वाडग्यात पडला. बघता बघता सगळ्याचा रवाळ गोळा झाला. प्रेमलाने एकतीस वर्षांत पिंपंच्या पिंपं पेज शिजवली होती. चॉकलेट ती जन्मात पहिल्यांदा वितळवत होती.

"पाणी लागलं की संपलं," तेजस्विनी म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"आमच्या घरी चॉकलेट विकत आणून खायचे. तेही क्वचित."

अर्धी लादी उरली होती. या वेळी तिने गॅस बंद करून नुसत्या कढत पाण्यावर वाडगा ठेवला. मंद ढवळत बसली. आणि ढवळता ढवळता सीताराम आठवला.

सीताराम तिचा नवरा. बुकबाइंडिंगच्या कारखान्यात होता. बोटांना कायम खळ लागलेली, आणि जिभेला गोडाची ओढ. पन्नाशीत शुगर निघाली, मग मूत्रपिंडं गेली. प्रेमला इस्पितळात पथ्य रांधायची आणि घरी येऊन पुन्हा पथ्यच रांधायची. घरातला साखरेचा डबा तिने कपाटात कुलूप लावून ठेवला होता. सहा वर्षांपूर्वीच्या पाडव्याला गुढी उतरवताना सीताराम खुर्चीतून म्हणाला होता, "प्रेमा, एक मणी दे गं गाठीतला. एकच." ती म्हणाली होती, "लहान आहात का?" आणि त्याच्यादेखत ती गाठी शेजारच्या मुलांना वाटून टाकली होती. तो पेपर उलटा धरून वाचत बसला. त्यानंतर चाळीस दिवसांनी तो गेला. डायलिसिसच्या वाऱ्या करणाऱ्या माणसाचं एका मण्याने काय बिघडलं असतं, हे तिने कुणा डॉक्टरला कधी विचारलं नाही. उत्तराचीच भीती वाटायची.

चॉकलेट आता रेशमासारखं झालं होतं. तिने त्यात भाजलेल्या दाण्यांचं कूट घातलं, बदामाची पूड, भाजून चुरलेलं खोबरं, दालचिनी, आणि कडूपणा बोथट व्हावा म्हणून चिमूटभर मीठ. प्रश्न होता साच्याचा. गाठीचा लाकडी साचा तिच्याकडे नव्हता. मग तिने भांड्यांच्या फळीवरून एकाच मापाचे नऊ चमचे काढले, आतून तुपाचं बोट फिरवलं, परातीत एकाला एक लावून ठेवले आणि सगळ्यांवरून आडवा एक पांढरा दोरा टाकला. प्रत्येक चमचा काठोकाठ भरला. दोरा चॉकलेटमध्ये बुडाला. तासाभराने फ्रीजमधून परात काढून तिने एकेका चमच्याची पाठ तळव्यात धरली. धातू कोमट झाला तशी एकेक पाकळी सुटत गेली. नऊ पाकळ्यांची काळी माळ दोऱ्याला लटकत वर आली.

तेजस्विनीने वजनकाट्यावर ठेवून आकडा बघितला, नऊने भागला, कागदावर लिहिलं. "तीन मणी. जेवल्यावर. बाकीचे सोमवार-मंगळवार." मग माळेकडे बघत म्हणाली, "दिसतेय बरी. मला वाटलं होतं उसाच्या गुऱ्हाळातून आल्यासारखी दिसेल."

रविवारी पाडवा. समोरच्या इमारतीत गॅलऱ्यागॅलऱ्यांत गुढ्या लागल्या होत्या, आणि सकाळी अकरालाच ऊन रणरणत होतं. प्रेमलाने स्टीलच्या डब्यात बर्फ घालून त्यावर वाटीत माळ ठेवली, आणि जेवणाच्या गाडीबरोबर वर गेली.

दत्तोबा आज खुर्चीत अंग चोरून बसले होते. हातात पिशवीही नव्हती. प्रेमलाने डबा त्यांच्यापुढे धरला.

"आजोबा, तुम्हीच घाला. दरवर्षी तुम्हीच घालता ना?"

त्यांनी आधी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी मान हलवली. तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी माळ उचलली आणि नातीच्या गळ्यात घातली.

"काळी गाठी?" उत्कर्षा उठून बसली.

"चॉकलेटची. यात साखर नाही. आधी जेवायचं, मग तीन मणी खायचे. मोजून. आणि लवकर जेव, नाहीतर वितळून फ्रॉकवर येईल."

उत्कर्षा जेवली. एक फुलका, मग दुसरा. शैला श्वास रोखून बघत होती. शेवटी पोरीने पहिला मणी तोडून तोंडात टाकला आणि नाक मुरडलं.

"कडू आहे."

"आहे थोडी," प्रेमलाने कबूल केलं.

"दाणे चांगले लागतात पण." तिने दुसरा तोडला. मग विचारलं, "आणि साखरेची कधी खायची?"

"बरी झालीस की खायची हां," शैला घाईघाईने म्हणाली.

हे वाक्य प्रेमलानेही आजवर किती खाटांशी म्हटलं होतं, त्याला गणती नाही. या वेळी तिला ते गिळता आलं नाही. ती खाटेच्या कडेला टेकली.

"हे बघ बाळा. ताप येतो, जातो. तशी ही शुगर जात नाही. ती तुझ्याबरोबर राहणार. तू मोजायला शिकलीस, इंजेक्शन शिकलीस, की डॉक्टरांना विचारून एखादा मणी खाशीलही. पण पूर्वीसारखी, मनात येईल तेव्हा, नाही."

"मावशी!" शैलाचे डोळे भरले.

उत्कर्षाने माळेचा दोरा बोटाभोवती गुंडाळला. मग तिने विचारलं, "तुमच्या घरी कुणाला आहे शुगर?"

"होती. आमच्या ह्यांना."

"ते गाठी खायचे?"

"एकदा एक मणी मागितला होता. मी दिला नाही."

"का?"

"वाटलं, जपलं तर अजून पुष्कळ पाडवे मिळतील."

"मिळाले?"

"नाही गं."

दत्तोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. उत्कर्षाने माळेकडे बघितलं, आपला तिसरा मणी तोडला, आणि मग चौथाही तोडून प्रेमलापुढे धरला.

"माझे तीन झाले. हा तुम्ही खा."

"अगं, तो तुझा उद्याचा आहे."

"उद्या दोन खाईन."

पेशंटच्या ताटातला घास कधी तोंडात घालायचा नाही, हा नियम प्रेमलाने स्वतः नव्या बायकांना शिकवला होता. तिने मणी घेतला. जिभेवर ठेवला. कडवटपणा आधी आला, मग खोबरं, दालचिनी. वितळेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

"मीठ जरा जास्त पडलंय," शेवटी ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत उठली. पुढच्या खाटा वाट बघत होत्या.

सोमवारी दुपारी कार्यालयात तिला शाल-श्रीफळ मिळालं. तेजस्विनी दोन शब्द बोलायचे म्हणून चार वाक्यं बोलली, आणि पाचव्याला गडबडली. संध्याकाळी प्रेमला ताटं गोळा करायला वर गेली तेव्हा उत्कर्षा एक नवी वही उघडून बसली होती. काय खाल्लं, किती खाल्लं, साखर किती आली, हे सगळं आता तिला रोज लिहायचं होतं. मंगळवारी तिला घरी सोडणार होते.

"ती गाठी कशी केली ते सांगा. मी लिहून घेते."

प्रेमला सांगत गेली. पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. दाणे खमंग भाजायचे. साचा नसला तरी चालतं, चमचे घ्यायचे, सगळे एका मापाचे.

"चमच्यात व्हय?" दत्तोबा पुढे सरकले. "मग हाय की आमच्याकडं. डझनभर हायती."

उत्कर्षा पानभर लिहून थांबली. वरती तिने एक ओळ मोकळी सोडली होती.

"तुमचं नाव काय, मावशी?"

"कशाला गं?"

"वर लिहिते. कुणी केली ते."

प्रेमलाने हातातली ताटं खाटेच्या पायथ्याशी ठेवली.

"प्रेमला सीताराम ढमाले," ती सावकाश म्हणाली.

उत्कर्षा लिहू लागली. दुसऱ्या शब्दाशी पेन थांबलं.

"सीताराममधली सी दीर्घ ना?"

"हो," प्रेमला म्हणाली. "दीर्घ."

आणि नाव पुरं लिहून होईपर्यंत ती वहीवर वाकून उभी राहिली.