तीन पायऱ्या खाली

सकाळपासून गुणाबाई तेच पाणी तिसऱ्यांदा घराबाहेर काढत होती. आता त्या पाण्याची आणि तिची चांगली ओळख झाली होती. घमेलं भरायचं, तीन पायऱ्या चढायच्या, गल्लीत ओतायचं. आपण परत खाली उतरेपर्यंत ते उंबऱ्यावरून आत येऊन, पाहुण्यानं बसावं तसं ओसरीत बसलेलं.

श्रावणातली झड लागून पाच दिवस झाले होते. सूर्य कुठल्या बाजूला उगवतो हे आठवणीनं सांगावं लागत होतं.

"गुणे, माझ्या दारात पाणी ओतू नको म्हनून किती डाव सांगू?" शेजारची बसम्मा आपल्या उंच उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली.

"मग कुठं ओतू? पिऊ का?"

"पी, न्हाईतर आंघोळ कर. पर इकडं नको."

"तुझ्या दारात ऱ्हातंय कुठं ते, बसक्का. तुझ्या दाराला निस्तं शिवून माझ्याच घरात येऊन राहिलंय."

"घर घेताना डोळे कुठं ठिवले हुते मग?"

गुणाबाईनं रिकामं घमेलं उचललं. डोळे नवऱ्याचे होते, आणि त्यानं ते नको तिथं ठेवले होते.

निलंग्याहून तीन कोसांवरचं हे गाव. निजामाचं राज्य होतं आणि विलायतेकडं कुठंतरी मोठी लढाई चालली होती. त्या लढाईचा आणि गावाचा संबंध म्हणजे लेव्ही. पिकलेल्या ज्वारीतली घरापुरती ठेवायची आणि बाकीची सरकारला सरकारच्या भावानं घालायची. घरापुरती म्हणजे किती, ते महसुलाचा अंमलदार, गिरदावर, ठरवायचा. माणसाच्या पोटाचं एक माप त्यानं काढलं होतं. ते बहुधा नुकत्याच जेवून उठलेल्या माणसाचं असावं. त्यामुळं ज्याच्या त्याच्या घरी थोडीफार ज्वारी जमिनीखाली गेली होती, आणि चावडीवर ज्यानं त्यानं शपथ घेतली होती की आपल्याकडं दाणा नाही.

शेषेराव आणि गुणाबाई आधी शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारच्या खोपटात राहायचे. उघड्या रानात ज्वारी लपवायची कुठं? म्हणून गावात घर बघायला सुरुवात झाली. मन्मथआप्पा निलंग्याला दुकान टाकायला निघाले होते. त्यांचं घर विकाऊ होतं आणि त्या घराच्या ओसरीखाली धान्य साठवायचं पेव होतं, दोन पुरुष खोल, तोंडावर शिळा. शिळेवर शेणानं सारवलं की खाली काय आहे ते देवालाही विचारावं लागावं.

शेषेराव घर बघायला गेला तो वैशाखात. माणूस मोठा चौकस. त्यानं दाराची दिशा पाहिली. माळवदाच्या तुळया मोजल्या. पायऱ्या तर बोट लावून मोजल्या, इंद्र, यम, राजा म्हणत. शेवटची पायरी यमावर आली की घर सोडून द्यायचं, ही रीत. ती आली राजावर. शेषेरावाचा जीव भांड्यात पडला. पायऱ्या तीन आहेत याचा त्याला एवढा आनंद झाला, की त्या चढत नाहीत, उतरतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"आत लई गार हाय वो, आप्पा," तो म्हणाला होता.

"हाव. उन्हाळ्यात बी घोंगडं लागतंय," मन्मथआप्पा म्हणाले.

मन्मथआप्पा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. पावसाळ्याचं त्यांना कुणी विचारलं नाही. गुणाबाईच्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या आणि एक बैलजोडी देऊन खरेदीचा बैनामा झाला.

आणि आता पाच दिवस झड.

माळवद गळायला लागलं तसं शेषेरावानं दगडोबाला बोलावलं. दगडोबा गाढवांवरून पांढरी माती वाहायचा. पावसाळ्याच्या तोंडाला गावातल्या प्रत्येक माळवदावर एक थर घालायचा, हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. तो डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आला, वर न बघता खालीच बघत राहिला.

"वरचं सोड," तो म्हणाला. "वरून येतंय ते थेंब हाय. खालून येतंय ते बघ."

"पर हे घर असं खड्ड्यात कामून बांधलं, मामा?" गुणाबाईनं विचारलं.

"खड्ड्यात कोन बांधल, माय? माझ्या लहानपनी ह्या घराला दोन पायऱ्या चढून जावं लागायचं. मी दर साली समद्यांच्या माळवदावर माती घालतो. पाऊस ती धुऊन गल्लीत आनतो. मी पुना घालतो, त्यो पुना आनतो. गल्ली वर चालली. बाकीच्यांनी जोती उचलली, उंबरे चढवले. मन्मथआप्पानं काय केलं न्हाई, घर इकलं." त्यानं जरा वेळ स्वतःच्या गाढवांकडं बघितलं. "तुमच्या दारातली निम्मी गल्ली ह्यांनीच घातली म्हन की."

"मग पानी काढावं कुठून?" शेषेरावानं विचारलं.

"मागच्या भिंतीत मोरी हुती. तिच्यातून पानी बसम्माच्या परड्यात जायचं आन् तिथनं वढ्याला. परडं ह्या घराच्या बी खाली हाय. दोन सालांमागं त्यांनी मोरी दगड घालून लिंपली."

"कामून?"

"ते मला कामून सांगतेत? मी माती वाहनारा."

तेवढ्यात ओसरीखालून आवाज आला. गुडगुड. मडकं पाण्यात बुडवताना येतो तसा. मग थांबला, मग परत गुडगुड.

तिघांनीही शिळेकडं बघितलं. पेवातून हवा वर येत होती, म्हणजे पाणी खाली जात होतं. माघातली सुगी सहा महिने लांब होती. घरात सासू, दोन लेकी आणि हे दोघं. त्यांच्या सहा महिन्यांच्या भाकरी तिथं खाली एक एक करून बुडत होत्या आणि बुडताना कळवत होत्या.

"उघडायचं," गुणाबाई म्हणाली.

"येडी हायस का?" शेषेराव दाराकडं बघत कुजबुजला. "गिरदावर चावडीत हाय. वढ्याला पूर आला म्हनून तीन दिवस हितंच अडकलाय. वास येईल, मानसं जमतील. मी शपथ घेतलीया, गुणे."

"मग बस शपथ खात."

ती भर पावसात बसम्माच्या दारात गेली. सकाळचं भांडण अजून निवलं नव्हतं, पण त्याला आता वेळ नव्हता.

"बसक्का, मोरी उघड. पाया पडते. माझ्या पेवात पाणी चाललंय."

"पेव?" बसम्मा म्हणाली. "कुठलं पेव? तुझ्या नवऱ्यानं तर चावडीवर शपथ घेतली."

"तीच बुडून राहिली."

बसम्मा हसली नाही. तिनं मागं वळून आपल्या घरात बघितलं, मग गल्लीत बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"मोरी उघडली तर पानी परड्यात जातंय, अव्वा. परड्यात कडब्याची गंजी हाय. गंजीखाली काय हाय ते मला बोलाया लावू नको."

"तुझ्या बी?"

"आमच्या बी मालकानं शपथच घेतली की."

दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मधे पाऊस पडत होता. एकीचं पाणी दुसरीच्या दाण्यात घालायचं, एवढाच उतार देवानं त्या गल्लीत ठेवला होता.

"ऱ्हाऊ दे मग," गुणाबाई म्हणाली. "तुझं तरी ऱ्हाऊ दे."

घरी येऊन तिनं पदर खोचला. दगडोबानं गाढवावरची माती उतरवून शिळेभोवती आळं केलं, पाणी अडवलं, आणि पहार घातली. शेषेराव कोपऱ्यात उकिडवा बसून राहिला. शिळा सरकली तसा आंबूस वास असा वर आला, की बाजेवरच्या म्हातारीनं नाकाला पदर लावून देवाचं नाव घेतलं. पेवाची वाफ लागून माणूस जागच्या जागी मरतो, म्हणून आधी कंदील खाली सोडला. विझला. थोडं थांबून परत सोडला. विझला. तिसऱ्यांदा तगला, तेव्हा दगडोबा उतरला.

तोवर दारात माणसं आली होती आणि माणसांच्या मागून गिरदावर आला होता, हातात छत्री, नाकाला रुमाल. तो तीन पायऱ्या सांभाळून उतरला.

"ये क्या है, पटेल?" त्यानं विचारलं.

शेषेराव कोपऱ्यातून उठला नाही.

"ज्वारी हाय, साहेब," गुणाबाईच म्हणाली. "लपवलेली. आता सडली."

"शपथ ली थी ना?"

"घेतली हुती. पोरी जेवायच्या हुत्या म्हनून घेतली."

गिरदावर वाईट माणूस नव्हता. नियमाचा माणूस होता, त्यामुळं काम जास्त वेळ चाललं. त्यानं पाट मागवून बैठक घातली आणि दुपारभर माप घेतलं. कडेची आणि बुडाची ज्वारी काळी पडून तिचे गोळे झाले होते. मधली मात्र कोरडी निघाली, मोत्यासारखी. ती पोत्यांत भरली आणि चावडीकडं गेली. तिची पावती मिळाली, उर्दूत, सहीशिक्क्यासह. घरात ती कुणालाच वाचता येत नव्हती, म्हणून नीट जपून ठेवली.

काळा ढीग तेवढा ओसरीत उरला.

"ये सरकार नहीं लेती," गिरदावर म्हणाला. त्यानं कागद वरून खाली वाचला. सडक्या ज्वारीला त्यात रकाना नव्हता, आणि सडक्या ज्वारीच्या मालकावर खटला भरावा की नाही, हेही त्यात नव्हतं. त्यानं दौत मिटली. छत्री उघडली आणि तो गेला.

मग मागच्या भिंतीवर ठोके पडायला लागले. एक, दोन, पाच. भिंतीतला लिंपलेला दगड हलला आणि पलीकडं पडला. ओसरीतलं पाणी जरा वेळ थबकलं, मग भिंतीकडं निघालं, मग धावत सुटलं. मोरीपलीकडं बसम्माचा नवरा पहार घेऊन उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलात.

"आवो, तुमचं पेव," शेषेराव भिंतीतून ओरडला.

"मोकळं हाय," पलीकडून शांतपणे उत्तर आलं.

थोड्या वेळानं बसम्मा पुढच्या दारानं आली. पदराखाली गाठोडं होतं. तिच्या केसांत, भुवयांत, सगळीकडं ज्वारीचं कूस होतं.

"तू दुपारभर त्या गिरदावराला हितं बसवून ठिवलंस," ती म्हणाली. "आमी दोघांनी तेवढ्यात समदं माळ्यावर नेलं. पाठ मोडली माझी." तिनं गाठोडं जात्याजवळ ठेवलं. "एवढंच हाय. आमाला बी माघापतोर जायचं हाय."

गुणाबाईनं गाठोडं सोडून दाणे सुपात घेतले. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि बसम्मानं त्यावरून उद्या टोमणा मारला असता.

तिनं काळी ज्वारी तीनदा धुतली, चुलीच्या उबेला वाळवली. तीन मुठी काळी आणि एक मूठ बसम्माची, असं करून दळली. तेवढ्यानंच माघ गाठता येत होता, आणि तेही पोरींनी अंगानं वाढायचं थांबवलं तर. पीठ मळताना चिकट होईना, भाकरी थापताना कडा फुटत होत्या. पहिली तव्यावरून उतरली ती राखेच्या रंगाची.

शेषेरावाच्या पुढ्यात तिनं ती ठेवली. त्यानं तुकडा मोडला, तोंडात घातला, बराच वेळ चावला. म्हातारी आणि दोन्ही लेकी त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

"कडू हाय का?" गुणाबाईनं विचारलं.

"हाय."

"मग?"

त्यानं उरलेली भाकरी संपवली, ताटलीतलं पीठ बोटानं गोळा केलं.

"पोरींना वाढ," तो म्हणाला. "गरम हाय तोवर घशाखाली जातीया."