गाईची ओंजळ

मित्रांनो, आमगावात बाजाराच्या मागच्या गल्लीत टिनाच्या छपराखाली एक हिरवी आटाचक्की दिसते ना, रंग उडालेली, ती मी. माझ्याकडे आता फारसं कुणी येत नाही. म्हणून तुमच्याशी बोलायला वेळ आहे.

तीस वर्षांपूर्वी बिसरामबाबांनी मला गोंदियाहून टेम्पोत घालून आणलं. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि एक नेम घातला. नवरात्रात घट बसायच्या आदल्या दिवशी माझे दगड उघडायचे, ब्रशने गव्हाचा कण न् कण काढायचा, आणि मग पहिली ओंजळ शिंगाड्याची दळून गाईला घालायची, म्हणजे राहिलासाहिला गहू तिच्यातच निघून जायचा. त्यानंतरच बायांचं उपासाचं दळण. त्या एका ओंजळीच्या भरवशावर आसपासच्या गावांतल्या बाया डोक्यावर डबे घेऊन यायच्या. "बिसरामच्या चक्कीचं पीठ डोळे मिटून देवीपुढं ठेवा," म्हणायच्या. मला फार बरं वाटायचं.

बाबा गेले. मुलगा मनिराम चक्कीवर बसू लागला. माणूस चांगला, पण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता. आधी शाळेच्या समितीचा अध्यक्ष झाला, मग नवदुर्गा मंडळाचा. शाळेचं छप्पर गळतं, चला. कुणाला रक्त पाहिजे, चला. इकडे डबे रांगेत आणि मनिराम मोटरसायकलवर. त्याची बायको देवकाबाई एकदा बोललीच.

"साऱ्या गावाचे अध्यक्ष झाले तुमी. या चक्कीचा अध्यक्ष कोन हाय?"

"अवो, देवीचंच काम करून राहिलो ना!" तो हसला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घट बसायच्या आदल्या दिवशी पहिला डबा सुलोचनाबाईंचा आला. नऊ दिवसांचा उपास, बावीस वर्षांत एकदाही न मोडलेला. शिंगाडे ठेवून त्या देवळात गेल्या. मनिरामने ब्रश हातात घेतला, आणि मंडळाचा सचिव यादोराव याचा फोन आला. आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू आला.

"अध्यक्षसाहेब, मूर्तीचा ट्रॅक्टर मोडावर चिखलात फसला. लवकर या!"

दगड उघडायचे म्हणजे अर्धा तास. दुसरा फोन आला. तिसरा आला. मनिरामने ब्रश खाली ठेवला, सुलोचनाबाईंचे शिंगाडे तसेच माझ्या तोंडात ओतले आणि बटण दाबलं. कालच्या गव्हाचा कोंडा माझ्या पोटात होता. मी खूप घरघरले, मित्रांनो. पण चक्की रोजच घरघरते, तिचं कोण ऐकतं?

पाचव्या दिवशी सुलोचनाबाई चाळणी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"मनिरामभाऊ, हा कायचा कोंडा हाय?"

"शिंगाड्याची साल असन, बाई."

"चाळीस वर्सं पोया लाटल्या मी. गव्हाचा कोंडा मले शिकवता? डब्याच्या तळचं पीठ हाय हे, म्हणजे पयलं पडलेलं. काल याचंच खाल्लं मी." त्यांनी आवाज चढवला नाही. "गाईले घातलं होतं का, एवढंच सांगा."

मनिरामच्या खिशात फोन वाजत होता. त्याने तो वाजू दिला.

"नाई," तो म्हणाला.

सुलोचनाबाईंनी चाळणी पदराखाली घेतली आणि गेल्या. त्यानंतर त्या या गल्लीत आल्या नाहीत. मागोमाग दुसऱ्या बायाही यायच्या थांबल्या.

त्याच संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. देवकाबाईने येऊन सांगितलं, म्हणून मला कळलं. "ज्याले बायांचा उपास सांभाळता आला नाई, तो देवीचा अध्यक्ष कायले?" असं सगळ्यांत आधी यादोरावच बोलला म्हणे. आणि अध्यक्षाचा हारही त्याच्याच गळ्यात पडला.

आता मनिराम सकाळपासून माझ्याजवळ बसून असतो. रोज माझे दगड पुसतो. फोन वाजत नाही.

मित्रांनो, तुम्ही कुणाला पुढारी करून हाका मारता ना, तेव्हा तो हातातलं काय टाकून येतो, ते एकदा बघत जा. आणि हाक तुम्हाला आली, तर आधी हातातलं पुरं करा. मनिराम देवीचं काम म्हणून धावत गेला. ते तर इथंच होतं, माझ्या दोन दगडांच्या मध्ये.

यंदा घट बसायच्या आदल्या दिवशी त्याने दगड उघडून दोनदा झाडले. घरचेच शिंगाडे दळून ओंजळभर पीठ दारात ठेवलं. मग दिवेलागणीपर्यंत रस्त्याकडे बघत बसला.

गाय आली, खाऊन गेली. डबा एकही आला नाही.