गौतम सरांपेक्षा वरचा ट्यूनर

चिंतामणराव तळपद्यांच्या पोटात दुखतंय, हे त्यांना स्वतःला सोडून अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. दुखण्याचं नाव गौतम सर. वय तिशीचं, केस मानेपर्यंत, दादरला एका जिन्याखालच्या खोलीत गिटारचा क्लास. चिंतामणरावांची बायको उर्मिला साठीला टेकताना त्या क्लासला जायला लागली होती, आणि दर खेपेला घरी येताना ‘गौतम सर म्हणाले’ हे पालुपद घेऊन येत होती. गिटार मुलीची, रुचाची. लग्न होऊन ती बंगळुरूला गेली आणि तिची इलेक्ट्रिक गिटार कपाटावर राहिली. तिथेच राहिली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं?

कारण त्या घरात सूर हे खातं चिंतामणरावांचं होतं. विमा कंपनीतली नोकरी पोटासाठी, तीही आता संपलेली. खरा माणूस पेटीवर. ‘तळपद्यांचा कान’ म्हणून शिवाजी पार्कच्या त्या बिल्डिंगीत त्यांचा दबदबा. दर कोजागिरीला गच्चीवर ते पेटीवर बसायचे आणि उर्मिला मसाला दुधाचे ग्लास भरायची. यंदा सोसायटीच्या सेक्रेटरी कमलताई म्हणाल्या, "उर्मिला, यंदा गिटार तू वाजव. चिंतामणराव पेटीवर साथ देतील." साथ! बायकोला साथ! चिंतामणरावांनी तोही घोट गिळला. निदान गच्चीवर बायकोच्या शेजारी बसणार तरी तेच होते.

मग एका रविवारी उर्मिला गिटार मांडीवरून खाली ठेवत म्हणाली, "अहो, ही बेसूर होतेय. मोकळी तार बरोबर लागते, पण बाराव्या पडद्यावर दाबली की सूर चढतो. इन्टोनेशन, म्हणजे दाबलेला सूरही मोकळ्याशी जुळवून घ्यायला हवा. गौतम सर म्हणाले, वेळेत नाही झालं तर ते येतील कोजागिरीला. त्यांची गिटार मी घेईन, आणि ते शेजारी बसून दुसरी वाजवतील."

शेजारी बसून! चिंतामणरावांच्या अंगाचा तीळपापड झाला.

"त्या गिटारवाल्याला कशाला त्रास? मी करून देतो."

"तुम्हाला येतं?"

"सूर मला येतो. स्क्रू काय, कोणालाही येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दादरच्या वाद्यांच्या दुकानात हजर. काउंटरवर प्रिती नावाची मुलगी होती. तिनं सूर काट्यावर दाखवणारे दोन ट्यूनर पुढे ठेवले.

"हा क्लिपवाला, काका. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा. रोजच्या ट्यूनिंगला मस्त. पण इन्टोनेशनला एकदम बारीक फरक दिसला पाहिजे. त्याला हा घ्या, वायर लावून चालतो. बाहेरचा आवाज घेत नाही, काटा पण फास्ट आहे."

चिंतामणरावांनी क्लिपवाला तोंडाशी धरला आणि डोळे मिटून ‘सा’ लावला. डोळे उघडले तर काटा डावीकडे.

"थोडे खाली आहात, काका."

"मशीन खाली आहे," असं म्हणून त्यांनी तो परत केला. मग सहज विचारल्यासारखं करत म्हणाले, "इथला तो गौतम, क्लासवाला... त्याच्याकडे कुठला आहे गं?"

"गौतम सर? त्यांनी हाच नेला ना, वायरवाला."

"मग त्याच्या वरचा दाखव."

"वरचा स्टुडिओवाले नेतात, काका. तुम्हाला नाही लागणार एवढा."

"मला काय लागतं ते मला कळतं."

वरचा आला. जाडजूड, लोखंडी अंगाचा, गौतमकडे नसलेला. पिशवी छातीशी धरून तळपदे घरी आले ते गड जिंकल्याच्या थाटात.

दुपारी उर्मिला माटुंग्याला भाजी आणायला गेली आणि त्यांनी गिटार मांडीवर घेतली. काम तसं सरळ होतं. मोकळी तार छेडायची, काटा मधोमध आणायचा. मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची. काटा पुढे पळाला तर तारेखालची घोडी स्क्रूनं जराशी मागे सरकवायची, तार पुन्हा लावायची, पुन्हा दाबायची. चिंतामणरावांनी दाबली ती जन्माचं वैर असल्यासारखी. तारेवर बोट होतं, पण डोळ्यांपुढे मानेपर्यंतचे केस होते. संध्याकाळपर्यंत सहाही तारांवर काटा दोन्ही वेळा मधोमध थांबू लागला. त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला, आणि साखर जास्त घातली.

उर्मिला आली, हात धुतले, गिटार घेतली. चार सूर वाजवले आणि थांबली.

"अहो, आता उतरतेय."

"शक्य नाही! आण इकडे." त्यांनी दाबून दाखवलं. काटा मधोमध. उर्मिलानं दाबलं. काटा डावीकडे. त्यांनी दाबलं, मधोमध. तिनं दाबलं, डावीकडे.

"तुलाच नीट दाबता येत नाही," ते कडाडले.

उर्मिलानं फोन हातात घेतला. "सरांना विचारते."

"थांब! उद्या दुकानात दाखवून आणतो."

दुकानात कसले जातात! सकाळी गिटार पाठीला लावून चिंतामणराव त्या जिन्याखालच्या खोलीपाशी उभे होते. गौतम उठून उभा राहिला, "या ना काका" म्हणाला, स्टूल पुसून दिलं, पाणी आणून दिलं. उर्मट असता तर किती सोपं झालं असतं! त्यानं तारांखालच्या घोड्या निरखून पाहिल्या.

"व्यवस्थित केलंय. कोणी केलं?"

"मी."

"आणि दाबत कोण होतं?"

"मीच. दुसरं कोण?"

गौतम हसला, पण त्यात चेष्टा नव्हती. "मग ही आता तुमच्या हाताला लागलीय, काका. तार जोरात दाबली की ताणते, सूर चढतो. तेवढी घोडी तुम्ही मागे नेलीत. काकूंचा हात फार हलका आहे. त्यांनी दाबलं की उतरणारच. जो वाजवणार त्यानंच दाबायचं."

"मग तू दे करून."

"माझा हात म्हणजे काकूंचा हात नाही ना! त्यांना दाबू दे, काट्याकडे तुम्ही बघा. आणि ट्यूनर जबरी घेतलाय हां, माझ्याकडे पण नाही असा."

एरवी या एका वाक्यावर चिंतामणराव आठवडाभर जगले असते. पण त्यांच्या मनात दुसरंच वाक्य रुतून बसलं होतं. काकूंचा हात फार हलका आहे. इतकी वर्षं त्या हातचं जेवण जेवले, तापात त्याच हाताच्या पट्ट्या कपाळावर घेतल्या. हात हलका आहे हे त्यांना माहीत नव्हतं. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि हा कालचा पोरगा चार महिन्यांत ओळखून बसला! मत्सर त्यांना आजवर गौतमचा वाटत होता, कारण तो परका होता. आता त्याहून वाईट झालं. उर्मिलाच्या बाबतीत आपणच परके निघालो, असं त्यांना वाटलं, आणि शिवाजी पार्कपर्यंत ते मान खाली घालून चालत आले.

घरी येऊन त्यांनी वायर जोडली आणि म्हणाले, "तू दाब. मी स्क्रू फिरवतो."

उर्मिलानं त्यांच्याकडे पाहिलं, मग बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं. नखाचा रंगसुद्धा बदलणार नाही इतकं हलकं. काटा डावीकडे. त्यांनी घोडी पुढे घेतली, तार लावली. "दाब." थोडं अजून. "दाब." काटा मधोमध येऊन थांबला. एक तार झाली. बाकीच्याही होणार होत्या. गच्चीवरची उर्मिलाशेजारची जागा आता त्यांची होती.

"माझा हात हलका पडतो म्हणून होत होतं ना हे?" उर्मिलानं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो आनंद होता. "तुम्हाला कसं कळलं?"

उत्तर चिंतामणरावांच्या जिभेवर तयार होतं. तळपद्यांचा कान! ती मान्यही करणार होती. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर या हातातून त्या हातात घेतला.

"गौतम सरांनी सांगितलं."

सर हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता. उर्मिलाच्या ते लक्षातही आलं नाही.

"असं होय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच ओळखलंत." आणि तिनं पुढच्या तारेवर बोट ठेवलं.