फुमिएच्या भांड्यातला शेवटचा तुकडा

नॉर्डालच्या चर्चच्या तळघरात कॉफी ओतायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे कुणी काय खाल्लं आणि कुणी हळूच पर्समध्ये टाकलं, हे पाद्रीबाबांच्या आधी मला कळतं.

सुगीच्या जेवणाला प्रत्येक बाई घरून एक पदार्थ आणते. फुमिएचं भांडं सलग दोन सुगीच्या जेवणांना भरलेलं घरी गेलं, हेही मीच पाहिलं. ऑर्विल टोलेफ्सन लष्करातून सुटला तो जपानहून हिला लग्न करून घेऊन आला. ती वाफवलेले पांढरेशुभ्र गोळे आणायची, आत लाल घेवड्याचं गोड पुरण. आमच्या मिनेसोटात घेवडा शिजतो तो डुकराच्या मांसाबरोबर. त्यात पुरणाएवढी साखर घालणारी बाई उद्या कॉफीत मीठ घालेल, असं लोकांना वाटे. तोंडावर कुणी बोललं नाही. "वेगळंच आहे हं," म्हणायचे आणि पुढे सरकायचे. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

नाताळच्या जेवणाची यादी तिच्या सासूबाई, गुद्रुनबाई, करायच्या. सुगीला ज्या बाईचं भांडं भरलेलं परत जाई, तिच्या नावापुढे त्या पदार्थाऐवजी 'कागदी नॅपकिन' लिहीत. सुनेलाही सवलत नाही. दोन नाताळ फुमिएने निमूट नॅपकिन आणले. तिसऱ्यांदा तेच झालं असतं तर ती जन्माची नॅपकिनवाली झाली असती. आमच्या गावात चिकटलेलं काम कबरीपर्यंत सोबत येतं. मी स्वतः एकोणीस वर्षं कॉफी ओततेय.

तिसऱ्या सुगीला तिने भांड्यावरचं फडकं काढलं तेव्हा मी शेजारीच होते. चोवीस गोळ्यांच्या भांड्यात नऊच गोळे, तेही कडेकडेने. मध्ये मोकळी जागा आणि थोडा चुरा.

"भरल्या भांड्याला इथे कुणी पहिला हात लावत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्याकडेही नाही लावत."

"बाकीचे पंधरा?"

"ऑर्विलच्या पोटात."

बाई दिसते तेवढी साधी नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

पोस्टमास्तर हाल्वर आला, त्याने ती मोकळी जागा पाहिली आणि आपण मागे राहिलो की काय असं वाटून दोन उचलले. त्याच्या ताटात पाहून मागच्यांनी घेतले. दहा मिनिटांत एकच गोळा उरला आणि तिथे गाडं अडलं. शेवटचा उचलायचा म्हणजे हावरटपणाची दवंडी. मग एकाने अर्धा कापून घेतला, दुसऱ्याने त्याचा अर्धा. पाचव्या सुरीनंतर नखाएवढा तुकडा उरला, आणि अख्खं गाव त्याला वळसा घालून जाऊ लागलं.

जेवणं आटोपली. भांडी गुद्रुनबाई धुतात, आणि त्यांच्या हिशेबी तळाला कण जरी असला तरी भांडं भरलेलंच. अन्न टाकायचा तर प्रश्नच नाही. फुमिए भांडं घेऊन समोर उभी राहिली.

"खाऊन टाक तू," गुद्रुनबाई म्हणाल्या.

"नको, तुम्ही घ्या."

"माझं पोट भरलंय."

"माझंही. आणि आज नीट जमलेलंही नाही."

असं सात वेळा झालं. मी मोजलं. बाकीच्या बायका कोरड्या बशा पुन्हा पुसत होत्या. दोघींच्या आयांनी समुद्राच्या दोन टोकांना बसून एकच शिकवण दिलेली. माघार कोण घेणार?

शेवटी गुद्रुनबाईंनी नखाएवढ्या तुकड्याचा अर्धा करायला सुरी लावली, तर सगळा तुकडाच त्यांच्या अंगठ्याला चिकटला. अंगठ्यावरचं दुसऱ्याला कसं देणार? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठा तोंडात घातला.

बराच वेळ चघळलं त्यांनी ते, एवढंसं असून.

"साखर कमी आहे," त्या म्हणाल्या.

फुमिएचा चेहरा पडला, पण मी गुद्रुनबाईंना चाळीस वर्षं ओळखते. जे पुन्हा खायचं नसतं, त्यात त्या दुरुस्ती सुचवत नाहीत.

त्यांनी एप्रनमधून यादी काढली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि सुनेच्या नावापुढे 'गोळे, चोवीस' लिहिलं.

"चोवीसच्या चोवीस आण," त्या म्हणाल्या. "ऑर्विलला घरी चारत बसू नकोस, मघापासून ढेकर देतोय."

फुमिए कमरेत इतकी वाकली की भांडं ओट्यावर आपटलं.

"आता नॅपकिन कुणीतरी आणायलाच हवेत," गुद्रुनबाई म्हणाल्या आणि त्यांची नजर ओट्यावरून सरकत सरकत माझ्या भांड्यापाशी थांबली. हिरवी जेली, आत किसलेलं गाजर. एकच चमचा कमी झाला होता, आणि तो मीच घेतला होता.