पिवळ्या बॅजवाल्यांचा मायक्रोवेव्ह

हसू नका मित्रांनो, मी एक जुना मायक्रोवेव्ह आहे. दिसायला चौकोनी, रंगाने कधीकाळी पांढरा आणि स्वभावाने तापट. तापणं हा माझा धंदाच आहे, त्याला मी तरी काय करू?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मी शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये होतो, एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या चौथ्या मजल्यावरच्या पँट्रीत. तिथे अकरा वर्षं मी राबलो. पास्ता, राजमा, बिर्याणी, काय काय गरम केलं म्हणून सांगू! कोणी सुकट आणली की निम्मा मजला खिडक्या शोधायचा, आणि त्या खिडक्या उघडायच्याच नाहीत. "जुना आहे, पण मधला घाससुद्धा कढत करतो," असं लोक माझं कौतुक करायचे. आतून पुसायची वेळ आली की मात्र सगळ्यांना मीटिंग असायची.

मला पुसायची ती रोसाल्बामावशी. ती सफाईचं काम करायची. 'मावशी' हे तिला नागपूरच्या देवांगने चिकटवलेलं. तो कॉम्प्युटरवर काम करायचा, ती फडक्याने; पण दोघांच्याही गळ्यात पिवळा बॅज. पिवळा म्हणजे काम या कंपनीचं आणि पगार कुठल्यातरी कंत्राटदाराचा. कंपनीची आपली माणसं ती निळ्या बॅजची. सातव्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांना तर स्वतःचा आचारी होता. यंदा साहेबांनी सभेत सांगितलं, कंपनीला आजवरचा सगळ्यात मोठा नफा झालाय. टाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरची फुकटची बिस्किटं बंद झाली. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

आणि मग तो सोमवार उजाडला.

आसावरी ही आमच्या मजल्यावरची निळ्या बॅजची मॅनेजर. मूळची पुण्याची, अमेरिकेत अठरा वर्षं मुरलेली. तिची आई तिच्याकडे राहायला आली होती आणि माउलीने लेकीला हौसेने स्टीलच्या डब्यात वरणभात भरून दिला होता. आसावरीच्या कानात मीटिंग चालू होती. तिने तो डबा झाकणासकट माझ्या पोटात ठेवला आणि बटण दाबलं. अरे देवा! माझ्या पोटात दिवाळीच सुरू झाली. कडकड आवाज काय, ठिणग्या काय, धूर काय! ही बाई "म्यूट, म्यूट कुठेय!" करत जागच्या जागी नाचायला लागली. रोसाल्बामावशी धावत आली आणि तिने माझा प्लग उपटला, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतोय. आसावरी "थँक यू, थँक यू" म्हणाली, डबा उचलला आणि मीटिंगला पळाली.

दुपारी मेल आली. पिवळ्या बॅजवाल्यांच्या निष्काळजीपणामुळे आग लागता लागता राहिली, सबब यापुढे पँट्री फक्त निळ्या बॅजवाल्यांसाठी. धुरात उभी दिसली ती रोसाल्बामावशी, म्हणून ठपका तिच्यावर. शुक्रवार तिचा इथला शेवटचा दिवस.

माझा असा संताप झाला! पण मला येतं काय, तर टिंग टिंग.

"मावशी, तू सांगून टाक ना यार, तू काही केलं नाहीस म्हणून," देवांग तिला म्हणाला.

"पिवळ्या बॅजवर कोण विश्वास ठेवणार?" माझ्या पोटातली काजळी खरवडत ती म्हणाली. "जिने केलं तिला माहीत आहे."

तिला माहीत होतंच हो! आसावरी रोज यायची, माझ्याकडे बघायची आणि नुसती कॉफी घेऊन जायची. बारा वर्षं ती ग्रीन कार्डच्या रांगेत होती; नोकरी गेली की रांगही गेली. साहेब लोकांच्या नजरेत येणं तिला नको होतं. गुरुवारी तिला मावशी जिन्यात बसून थंडगार भात खाताना दिसली. त्या दिवशी तिने कॉफीही घेतली नाही.

शुक्रवारी सकाळी ती आली ती हातात काळा पडलेला डबा घेऊन. ब्रायन, म्हणजे इमारतीची व्यवस्था बघणारा माणूस, माझ्यापाशीच उभा होता.

"ब्रायन, सोमवारी ते मी केलं," आसावरी म्हणाली.

"तुम्ही?" ब्रायन हसला. "मग काय, अपघात! होतं असं कधीकधी."

आसावरी लालबुंद झाली. "रोसाल्बावर ढकललात तेव्हा हाच निष्काळजीपणा होता ना?"

ब्रायनचं हसू मावळलं. मावशीविरुद्धची तक्रार त्याने तिथेच कंत्राटदाराला फोन करून मागे घेतली, तिची नोकरी वाचली. नियम मात्र वरून आलाय म्हणाला. "आणि हा खटारा तसाही आज टाकायचाय. नवा येतोय."

खटारा! मला!

"टाकायचाय ना? मग मी नेते," म्हणत आसावरीने मला उचलून मावशीच्या सफाईच्या गाडीवर ठेवलं. मग मान खाली घालून म्हणाली, "रोसाल्बा, मी चार दिवस गप्प बसले. चुकलं माझं. सॉरी."

"चार दिवस मी थंड भात खाल्ला," मावशी म्हणाली. "आता गाडी तू ढकल."

आणि मॅनेजरबाईंनी ती ढकलली, लिफ्टपर्यंत आणि तिथून तळघरापर्यंत!

तळघरातल्या बादल्यांच्या खोलीत देवांगने टेबल लावलं. पहिल्या दिवशी आम्ही तिघं-चौघं होतो. मग आसावरीच्या आईच्या पुरणपोळ्या आल्या, मावशीचे मक्याच्या पानात वाफवलेले तमाले आले आणि वास जिन्याने वर गेला. पंधरा दिवसांत निळे बॅज, पिवळे बॅज, सगळे खाली. मी एकटा, म्हणून रांग लागायची, पण रांगेत गप्पा काय रंगायच्या!

एके दिवशी दारात स्वतः मोठे साहेब, हातात सुपाचा वाडगा. आचारी रजेवर, आणि वरचा तो नवा दिमाखदार मायक्रोवेव्ह ॲप अपडेट होईपर्यंत चालायला तयार नव्हता. साहेब सरळ माझ्याकडे आले.

"रांग तिकडून आहे," मावशी म्हणाली. तिने त्यांच्या गळ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साहेब मागे जाऊन उभे राहिले. इकडेतिकडे बघत त्यांनी देवांगला विचारलं, "तुम्ही सगळे इथे का जेवता?"

"आम्हाला वरच्या पँट्रीत मनाई आहे, सर."

"असला नियम कोणी केला?"

"मेलखाली तुमचं नाव होतं, सर."

साहेब आपली पाळी येईपर्यंत रांगेत थांबले. सोमवारी नियम गेला. माफीची मेल काही आली नाही, पण मी अजून तळघरातच आहे आणि रांगही इथेच लागते.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. वरण उतू गेलं तर आपलं आपण पुसा, आणि स्टीलचा डबा, हात जोडतो, नको! बाकी बॅज कुठलाही असू दे. त्या दिवशी साहेबांचं सूप मी दोन मिनिटं गरम केलं. मावशीचा भातही मी तेवढाच गरम करतो.