न झालेल्या सामन्याचा गोलरक्षक

सलीलने हॉलच्या पांढऱ्या फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलं: कोरिब कट्टा १९, सॉल्टहिल इलेव्हन ०. खाली सचिव म्हणून सही केली. मग डाव्या पायातला मोजा काढून त्याने ते सगळं पुसून टाकलं आणि त्याच जागी लिहिलं: छत गळत असल्यामुळे आजचा सामना झाला नाही. हॉलवाल्यांसाठी त्याखाली तेच इंग्रजीत.

न झालेल्या सामन्याच्या मानाने त्याला बराच घाम आला होता.

अक्षया बाकावर बसून केळं खात होती. ती सलीलच्याच संघात, म्हणजे कोरिब कट्ट्यात होती आणि न झालेल्या सामन्यात तिने पाच गोल मारले होते.

"काय लिहिलंस?"

"छत गळतंय."

तिने वर पाहिलं. छत कोरडं ठणठणीत होतं. पाऊस होता, गॉलवेला शोभेल असाच होता, पण तो बाहेर होता.

"मग माझे पाच गोल?"

"तेही झाले नाहीत."

"अरे, त्यातला एक मी टाचेने मारलाय!"

"अक्षया, प्लीज."

"बरं. पण टाचेचा तरी ठेव."

हॉल सांभाळणारा फिन्टन पोछा घेऊन आला, फळ्यासमोर थांबला, वाचलं, आणि निघून गेला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर शिडी होती.

"छत ग्रँड आहे, एकदम ठीक," तो म्हणाला. "गेल्या वर्षी मी स्वतः उभं राहून करून घेतलंय. कुठे गळतंय?"

सलीलने बोट वर करून कुठेतरी दाखवलं. फिन्टनने तिथे शिडी लावली, सलीलला धरायला सांगितलं आणि वर चढला. पत्र्याखालच्या तक्त्यावरून त्याने हात फिरवला.

"इथे?"

"थोडं डावीकडे."

खोटं बोलल्यावर ते खालून धरून उभं राहावं लागतं, हे सलीलला पहिल्यांदाच कळत होतं. तेवढ्यात सॉल्टहिल इलेव्हनची माणसं पिशव्या खांद्याला लावून बाहेर पडू लागली. नावात अकरा असले तरी ती पाचच होती. सगळ्यात शेवटी त्यांचे कप्तान आणि गोलरक्षक गुरुनाथकाका आले. वय त्रेपन्न, औषधाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ. दोन्ही तळहात त्यांनी पालथे, शरीरापासून जरा लांब धरले होते, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते आणि परत करायचे होते.

"येतो रे सलील. छान खेळलात."

शिडी धरलेली असल्यामुळे सलीलला हात मिळवता आला नाही. त्याला त्या शिडीचे आभार मानावेसे वाटले.

मराठी मंडळाची लीग छोटी होती. चार संघ, दर रविवारी दुपारी चार ते पाच हॉल, बक्षीस म्हणून एक करंडक, जो मुळात कोणाच्या तरी मुलीचा आयरिश नृत्याचा होता. संघ समतोल व्हावेत म्हणून सचिवांनी, म्हणजे सलीलने, एक फॉर्म काढला होता. प्रत्येकाने आपल्या खेळाला दहापैकी गुण द्यायचे. तक्त्यात सगळी नावं आणि गुण भरायचे, बटण दाबायचं, की तक्ता नावं पिसून असे चार संघ करून देई की प्रत्येकाच्या गुणांची बेरीज पंचवीस व्हावी. सलील मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत होता. समतोल हा त्याचा पोटापाण्याचा विषय होता.

पण फॉर्म भरणारी मराठी माणसं होती. ज्याला खेळता येत होतं त्याने संकोचाने कमी लिहिलं. विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या कुशलने तीन लिहिले आणि पुढे 'सवय गेलीय' असा खुलासा केला. आंतरराज्य स्पर्धेपर्यंत गेलेल्या अक्षयाने लिहिलं, 'चार, जमेल तसं.' ज्यांनी फुटबॉल फक्त टीव्हीवर पाहिला होता त्यांच्यातल्या काहींनी थेट सात-आठ लिहिले. आणि कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून चार मोसम खेळलेल्या, ज्याच्या नावाने एकदा गल्लीत बॅनर लागला होता अशा सलीलने, खूप विचार करून, चार लिहिले.

तिथवर ती नम्रता होती. पुढे तक्त्यातलं बटण होतं.

पहिल्यांदा दाबलं तेव्हा कुशल दुसरीकडे गेला. बेरीज पंचवीस, सगळं समतोल. सलीलने पुन्हा दाबलं. आता कुशल आला, पण अक्षया गेली. पुन्हा दाबलं. अकराव्या वेळी सगळे संकोची लोक एका संघात आले, आणि त्यांचे गुण इतके कमी की पंचवीस भरायला तक्त्याने त्यांना एक सहावा खेळाडूही दिला. दुबळ्या संघाला आधार म्हणून. सलीलने तक्ता जतन केला आणि ग्रुपवर पाठवला: 'संगणकाने केलेली निःपक्षपाती विभागणी.' सतरा जणांनी अंगठा दाखवला. पहिला अंगठा गुरुनाथकाकांचा होता.

सलील तीन वर्षांपूर्वी शिकायला आला तेव्हा गॉलवेत खोली मिळत नव्हती. ओळखीच्या ओळखीने फोन नंबर मिळाला, आणि गुरुनाथकाका आणि स्वरूपाकाकूंनी त्याला त्यांच्या घरातली इस्त्रीची खोली दिली. एका रात्रीसाठी. तो पाच महिने राहिला. खोली इतकी लहान होती की दार उघडायचं तर आधी पलंगावर चढावं लागे. काका रोज सकाळी दारावर दोन टकटक करत आणि म्हणत, "उतरू नकोस, चहा वरून देतो."

त्या माणसाच्या अंगावर त्याने चाळीस मिनिटं चेंडू मारले होते. सोळा-शून्यनंतर तरी थांबता आलं असतं. पण पायाला चेंडू लागला की पाय कोल्हापूरचे होत, आणि कोल्हापुरात सोळावर कोणी थांबत नाही.

रविवारी संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांनी छताबद्दल हळहळ व्यक्त केली. सामना पाहिलेल्यांनी जरा जास्तच. मंडळाच्या अध्यक्ष डॉ. विभावरी मात्र थेट फोन करणाऱ्यांतल्या होत्या.

"सलील, तू काय लिहून ठेवलंयस? फिन्टनचा मला ईमेल आलाय. छताचे नऊ फोटो जोडलेत."

"मॅडम, तो जरा मनाला लावून घेतो."

"सामना झाला की नाही?"

"एकतर्फी झाला."

"म्हणजे झाला. हे बघ, गुरुनाथला वाईट वाटू नये म्हणून तू हे करतोयस, कळतंय मला. चांगला आहेस. पण मारलेले गोल परत घेता येत नसतात. मला बुधवारपर्यंत खरा अहवाल हवा."

चांगला आहेस, हे शब्द त्याने फोन ठेवल्यावरही बराच वेळ कानाशी धरून ठेवले आणि मग फोन पालथा ठेवला.

मंगळवारी कामावरून तो तसाच काकांच्या घरी गेला. बसमध्ये त्याने वाक्य तयार केलं होतं: काका, मी बटण अकरा वेळा दाबलं. सोपं वाक्य होतं. बेल वाजवण्याआधी त्याने ते दोनदा पुटपुटलंही.

दार काकूंनी उघडलं.

"ये. तुझीच आठवण काढत होतो. प्रेसमधून, त्या कपाटातून, मोठा कप घे, तुला छोटा पुरत नाही."

काका स्वयंपाकघरात टेबलापाशी बसले होते. दोन्ही हात गोठवलेल्या मटारच्या दोन पिशव्यांवर ठेवले होते. रक्तदाब मोजायला बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा शांत होता.

"दुखतंय का काका?"

"छे. मटार वितळवतोय. हिला उसळ करायचीय."

"तीन दिवस मटारच वितळवताहेत," काकू म्हणाल्या.

सलीलने चहाचा घोट घेतला, तोंड पोळलं, तरी गिळला. "काका, मला एक सांगायचंय. त्या सामन्याचं."

"मलाही तेच विचारायचंय," काका म्हणाले. "झाला नाही म्हणे तो."

"ते... तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"अरे, मग माझे एकतीस कुठे गेले?"

सलीलला कळेना. काकूंनी फ्रिजवरचा चुंबक बाजूला केला आणि एक कागद त्याच्यासमोर ठेवला. सुपरमार्केटच्या यादीची मागची बाजू होती. त्यावर बारीक उभ्या रेघा, चार झाल्या की पाचवी आडवी. सामना पाहायला आलेल्या काकू कारखान्यात तपासणी विभागात होत्या. समोरून काही जाऊ लागलं की मोजल्याशिवाय त्यांना बसवत नसे.

"एकूण पन्नास आले," त्या म्हणाल्या. "एकोणीस गेले. एकतीस यांनी अडवले. ह्या बाजूला कोणी मारले तेही आहे. अक्षयाचे पाच. तुझे सात."

सात रेघा. चार उभ्या, एक आडवी, दोन सुट्या. त्या इतक्या सरळ होत्या की सलीलने कागदाला हात लावला नाही.

"आयुष्यात पहिल्यांदा गोलमध्ये उभा राहिलो," काका म्हणाले. "शाळेत मला कोणी खेळायलाच घेत नव्हतं. चेंडू बाहेर गेला की आणून देणं, एवढंच काम. आणि परवा, तो तुझा कुशल, पाच फुटांवरून मारला त्याने. मी डोळे मिटले होते, खोटं कशाला बोलू, पण अडवला. हाताला लागला तेव्हा वाटलं, अरे! असं असतं होय हे!" त्यांनी उजवा पंजा मटारवरून उचलून पाहिला. करंगळी सुजून अंगठ्याएवढी झाली होती. "ऑफिसात सगळ्यांना सांगितलं मी. आमचा तो 'युवर मॅन' शॉन म्हणाला, एकतीस म्हणजे फेअर प्ले, शाब्बास. आणि तू लिहिलंस, छत गळत होतं."

"सॉरी काका."

"सॉरी काय त्यात. परत लाव की सामना जागेवर. एकोणीसच्या एकोणीस ठेव. त्याशिवाय एकतीसला काय अर्थ?"

सलीलने कप खाली ठेवला. आता. "काका, संघ मुळातच समतोल नव्हते. ते फॉर्मवरचे गुण होते ना, ते लोकांनी खरे भरले नव्हते. काहींनी मुद्दाम कमी, आणि काहींनी उगाचच..."

तो थांबला. काकांना फॉर्मवर आठ गुण होते, हे त्याला आठवलं.

"माझा हिने भरला," काका म्हणाले. त्यांनी कानापर्यंत लाजून मटारकडे पाहिलं. "मी एक लिहीत होतो. हिने फोन हातातून काढून घेतला."

"मग?" काकू ओट्यावरून वळल्या. हातात झारा होता. "आठच आहेत ते. पन्नासातले एकतीस अडवले यांनी. कमी वाटत असतील तर सांग, सलील. तू तर कोल्हापूरचा. तुला कळतं त्यातलं."

काकू उत्तराची खरोखर वाट पाहत होत्या. काकाही मान वर न करता वाट पाहत होते.

सलीलच्या जिभेवर बटण होतं, अकराचा आकडा होता. ते टेबलावर ठेवलं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं. पण मग त्या आठाचं काय करायचं, हे त्याला कळेना.

"आठच आहेत, काकू," तो म्हणाला. "जरा कडक भरलेत."

काकूंनी मान हलवली, जणू तपासणीत माल पास झाला, आणि पोहे टाकायला वळल्या. काकांनी कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं सलीलला सोसेना. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

पोहे त्याने दोनदा घेतले. नको म्हणायचा अधिकार आपल्याला उरला आहे असं त्याला वाटलं नाही.

बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून त्याने अहवाल लिहिला. सामना झाला. एकोणीस-शून्य. छत निर्दोष असून फिन्टन यांची क्षमा मागण्यात येत आहे. तो पाठवून झाल्यावर त्याने दुसरं पान उघडलं, बराच वेळ रिकामं ठेवलं, सँडविच थंड होऊ दिलं, आणि मग लिहिलं:

प्रति, मा. अध्यक्ष, गॉलवे मराठी इनडोअर फुटबॉल लीग.

विषय: गेल्या रविवारच्या सामन्यातील नोंदीत दुरुस्तीबाबत.

महोदया, उपरोक्त सामन्यात सॉल्टहिल इलेव्हनचे गोलरक्षक श्री. गुरुनाथ यांनी एकतीस फटके अडवले असून गुणतक्त्यात त्यासाठी रकाना नाही, तो नव्याने आखण्यात यावा. तसेच अर्जदाराने त्याच सामन्यात मारलेले सात फटके गोलात गेल्याचे दिसत असले, तरी ते सातही फटके सदर गोलरक्षकांनी अडवले होते असे मानण्यात येऊन त्यांच्या नावे एकूण अडतीस अशी नोंद व्हावी, आणि अर्जदाराने ते मुळात का मारले याबाबत त्यांना काहीही कळवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.